दोनदा उंबरा

हसाजी मुकादम गेले, हे मला विंझरच्या दुकानात मीठ बांधून घेताना कळलं, आणि तेही चार दिवस उशिरा. "तुमच्याच रस्त्याच्या कामावरचे ना?" दुकानदारानं विचारलं. मी मान हलवली. खरं तर ते कामावर राहिलेच नव्हते, आणि तेही माझ्यामुळे... पण मिठाच्या पुडीसोबत हे कुठं सांगत बसणार? महिना झाला, आता लिहितो.

वेल्ह्याच्या रस्त्याचं काम चालू होतं तेव्हा ते मुकादम आणि मी हजेरी लिहिणारा कारकून. ते बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू, गावाच्या भाषेत शनवारतेली. उत्रोलीत त्यांचं एकुलतं एक घर. शनिवारी ते कामाला हात लावत नसत. त्याच्या बदली रविवारी एकटे येऊन पुढची आखणी करून ठेवत. घराच्या चौकटीवर मेझुझा होता, प्रार्थना लिहिलेली गुंडाळी आत ठेवलेली बोटभर लाकडी डबी. येता-जाता तिला बोटं लावून ती ओठांना टेकवायची, ही त्यांची रीत. कुणा गड्यावर भडकले, की त्याला संध्याकाळी घरी बोलवत. तो आला की आधी स्वतः बाहेर जात, परत आत येत, दोन्ही वेळा डबीला हात. "येवढ्यानं बी उरला तर त्यो राग कामाचा," म्हणायचे. "न्हाई उरला, तर त्यो निस्ता माजा हुता." सुरुंगाच्या वेळी हाक न देणाऱ्या एकावरचा राग उरला. आठवडाभर त्याला कामावर घेतलं नाही, आणि आठवडाभर त्याच्या घरी तांदूळ मात्र पोचवले. मी एकदा चेष्टेनं विचारलं, "आणि मुकादम, स्वतःवरच राग आला तर?"

"त्याला बी ह्योच उंबरा, तात्या. सोताला येगळा कायदा न्हाई."

मग नवा साहेब आला. हजेरीपटात मुकादमांच्या नावापुढे दर शनिवारी 'गैरहजर'. खरं तेच लिहा, हा हसाजींचाच आग्रह. रविवारचा रकाना पटात नव्हताच. "हा कामचुकार इतके दिवस ठेवला कसा?" साहेबानं विचारलं. रविवारचं एक वाक्य माझ्या जिभेवर होतं, ते तिथंच राहिलं. मी नोकरीला भ्यालो, दुसरं काही नाही. दुसऱ्या दिवशी मुकादमांना काढलं.

संध्याकाळी ते माझ्या घरी आले. बसले नाहीत. बाहेर गेले, आत आले, आणि दोन्ही वेळा हात सवयीनं माझ्या चौकटीकडे गेला. तिथं काहीच नव्हतं... मग म्हणाले, "तुमची पोरं ल्हान हायती. मनाला लावून घिऊ नका." मला शिव्या हव्या होत्या. त्या मिळाल्या असत्या तर सहा वर्षं उत्रोलीची वाट चुकवत फिरलो नसतो. त्यांच्या त्या दयेचा मला अजून राग येतो, आणि त्याहून जास्त माझा स्वतःचा.

परवा उत्रोलीला गेलो. त्यांची बायको मुलीकडे कोकणात निघून गेली होती, मेझुझा काढून घेऊन. चौकटीवर खिळ्यांची दोन भोकं, डबीची फिकट खूण, आणि कडेचं लाकूड बोटांनी गुळगुळीत झालेलं.

"कुणाला बगताय?" शेजारणीनं विचारलं. "हितं आता कुणी न्हाई."

मी त्या खुणेला हात लावून आत गेलो, हात लावून बाहेर आलो. माझा माझ्यावरचा राग होता तेवढाच उरला. म्हणजे मुकादमांच्या कायद्यानं तो कामाचा आहे.