श शेवळ्याचा

गेल्या रविवारी सकाळी शेणव्याला आमच्या घरासमोर माझ्याकडून एक चूक झाली. चूक तशी लहानच… पण दोन महिने मनाला लागून राहिलेली एक काळजी तिने मिटवली, म्हणून लिहिते आहे.

आधी लॉनबद्दल सांगायला हवं. बाबांची सगळी नोकरी भातसानगरला, धरणावर झाली. तिथे साहेबांच्या बंगल्यासमोर लॉन होतं आणि त्यात पाटी, 'हिरवळीवर चालू नये'. बाबा वर्षानुवर्षं त्याच्या कडेकडेने कामावर गेले.

रिटायर झाल्यावर शेणव्याला घर बांधलं, तेव्हा खिडक्यांना रंग लागायच्या आधी लॉन लागलं. पाटीसुद्धा हुबेहूब तशीच करून घेतली. आमचं स्वतःचं लॉन, पण त्यावर कुणी कधी चाललं नाही… गवत कापायचं मशीन फिरवण्यापुरतं सोडलं तर बाबाही नाहीत.

एप्रिलमध्ये त्या गवताला बोअरचं पाणी पाजताना मला फार अपराधी वाटायचं. समोरच्या रस्त्याने पाड्यातल्या बायका हंडे घेऊन जायच्या. मी पाइप हातात धरून पाठ फिरवायची.

शेवटी ठरवलं. लॉन काढायचं आणि आपल्या भागातली, पावसावर जगणारी झाडं लावायची. कुडा, धायटी, भारंगी, करवंद… लिस्ट केली. बाबांना काय सांगायचं तेही कागदावर लिहून दोनदा वाचलं.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "काढ."

एवढंच. आता हे 'काढ' म्हणजे खुशीने काढ, की आता माझं कोण ऐकतंय, काढ? दोन दिवसांनी पुन्हा विचारलं. "अगं, काढ म्हटलं ना." मग तर काळजी आणखीच वाढली.

आमच्याकडे अंगणातल्या कामाला सोमीमावशी येते, वरच्या पाड्यातली. तिने आणि मी कुदळीने गवत उपसलं. पण बाबांच्या खुर्चीपुढचा खाटेएवढा तुकडा काही माझ्याने खणवेना. तो ठेवला, पाटीसकट. मावशी म्हणाली, "ह्यो काय गो, बकरीला ठेवलास?"

बाबा रोज त्या तुकड्यासमोर बसून चहा प्यायचे. मी लांबून त्यांचा चेहरा वाचायचा प्रयत्न करायची आणि काही कळायचं नाही.

तर रविवारी. खणलेल्या मातीतून जांभळट तपकिरी, टोकदार असं काहीतरी वर आलेलं दिसलं. एक नाही, सहा ठिकाणी. माझ्या लिस्टमध्ये नव्हतं, मी लावलेलं नव्हतं. मोबाईलवर फोटो काढून शोधलं तर दोन वेगळी उत्तरं आली… मला वाटलं, कसली तरी कीड-बुरशी असणार, रोपांना लागेल. सहाच्या सहा उपटून घमेल्यात टाकली.

तेवढ्यात सोमीमावशी आली. "अगो बाय! शेवळा उपटलास? बाजारात लोका शोधीत फिरतात आन तू कचऱ्यात टाकतंस?"

शेवळं, पहिल्या पावसात उगवणारी रानभाजी! मला इतकी लाज वाटली की काय सांगू. दम्यामुळे तिसरीपर्यंत मी शाळेत गेले नाही, आत्याने घरीच शिकवलं. तिची मुळाक्षरं तिची स्वतःची होती. क कुड्याचा, ध धायटीचा, श शेवळ्याचा. माझी झाडांची लिस्टसुद्धा खरं तर त्यातूनच आलेली.

चौथीत शाळेत गेल्यावर बाईंनी 'श शहामृगाचा' लिहायला सांगितलं, तर मी शेवळ्यासाठी भांडून रडले होते. आणि तेच शेवळं मातीतून वर येताना मी ओळखलं नाही. आईच्या घशाला खाज यायची म्हणून आमच्या घरात ते कधी शिजलं नव्हतं… मला नुसतं अक्षर माहीत होतं.

"रडतंस कशाला? कांदा खाली जमिनीत हाय. ता नाय मेला," मावशी म्हणाली.

आमचा आवाज ऐकून बाबा खुर्चीतून उठले. आणि सरळ त्या उरलेल्या लॉनवरून चालत आले. चपला घालून! घमेल्यात वाकून बघितलं आणि म्हणाले, "आली का…" पाहुण्यांबद्दल म्हणावं तसं.

मग हळूच म्हणाले, "दरवर्षी यायची. लॉन खराब दिसतं म्हणून मशीन फिरवायचो. आधी बघून घ्यायचो, तुझी आत्या तर आली नाही ना, ओरडली असती."

"मग बोललात का नाही बाबा?"

"काय बोलू? लॉनचा हट्ट माझाच. तू काढू का विचारलंस, तेव्हा पहिल्यांदा ही शेवळंच आठवली. म्हणून तर म्हटलं, काढ."

दोन महिने मी त्या एका शब्दाचे किती अर्थ लावले होते…

मावशीने पाड्यातून काकडं आणून दिली. ही आंबट हिरवी फळं घातली नाहीत तर शेवळं घशाला खाजतात. बाबांनी हाताला तेल लावून एकेक शेवळं उलगडलं आणि आतला पिवळा भाग कसा काढायचा ते मला दाखवलं. आत्याला फोन लावला, तर ती म्हणाली, "वाचता येतं, वळखता येत नाय! जा, परत पहिलीत बस."

भाजीला कडवट-आंबट अशी चव होती. आईनेही घाबरत घाबरत एक घास खाल्ला. खाज आली नाही.

संध्याकाळी बाबांनी ती पाटी उपटली, उलटी केली आणि मागच्या बाजूला रंगाने लिहिलं, 'शेवळं आहेत. जपून चालावे.' जिथे मी उपटली होती तिथे नेऊन रोवली.

मग खुर्चीत बसता बसता म्हणाले, "आता ते बकरीचं पण काढ."

या वेळी मी अर्थ शोधत बसले नाही. कुदळ घेतली.