नळाचा फोटो

मंठ्याहून जालन्यात राहायला जायचं ठरलं तेव्हा माझी एकच अट होती. घर लहान असू दे, पत्र्याचं असू दे, पाणी दारात पाहिजे. सारा जन्म हंडे वाहून मान गेली होती माझी.

घर दाखवणारा दलालच होता, पण त्याला एजंट म्हणावं लागायचं. खिशात कॅमेऱ्याचा मोबाईल. तेव्हा असे फोन थोडेच होते, म्हणून ह्यानं घरापेक्षा फोनच जास्त दाखवला. भरदुपारी मोरीत फोनची बॅटरी लावली. खिडकी उघडायचं काही सुचलं नाही. खोली पावलांनी मोजली अन् दहा गुणिले बारा करायला फोनची बटणं दाबत बसला. आमच्या मालकांना त्याचंही कौतुक. माना डोलवत त्याच्या मागं मागं.

मी नळ सोडला, तर कोरडा ठणठणीत. विचारलं, तर त्यानं फोन माझ्या नाकाशी धरला. ह्याच नळाचा फोटो, धो धो पाणी. मंग घरमालकाला फोन लावून स्पीकर चालू केला. तो आतून म्हणाला, पाणी बिलकुल बराबर येतं. दोघं खोटारडे, एक फोनच्या आत, एक बाहेर. आणि आमचे मालक तर इसार कधी द्यायचा, तेच विचारू लागले.

मी गुपचूप गच्चीवर गेले. पाणी कसं येतं ते शेजारच्या अंगणात दिसतं, हे बायकांना कुणी शिकवावं लागत न्हाई. प्रत्येक दारात ड्रम, ड्रमावर हंडे, हंड्यांना फडकी बांधलेली. तेलाचे डबेसुद्धा भरून ठेवलेले. रोज पाणी येणाऱ्या गल्लीत एवढं कोण साठवतं? खाली एक बाई तांदूळ निवडत होती. तिला वरूनच विचारलं.

"येतं की, पंधरा दिवसाला," ती म्हणाली. "मागच्या खेपेला तुमचा हा माणूस फोन घेऊन दोन तास नळापाशी बसून होता. पाणी आल्याबरोबर फोटो काढला अन् गेला."

खाली येऊन मी त्याला म्हटलं, "फोटो झकास आहे बाबा. ह्यातलं घागरभर पाणी ओतून दे, आत्ता इसार देते."

तो बटणं दाबत राहिला. जणू तेही फोनमध्ये कुठंतरी असेल.

परतताना रिक्षात आमचे मालक म्हणाले, "फोन मात्र भारी होता."

पुढं दोन खोल्यांचं, अंगणात बोअर असलेलं घर मिळालं. तिथं मी आधी शेजाऱ्यांचे ड्रम पाहून आले, मंगच दार उघडायला सांगितलं.