नर्सबाईंचा तळहात

रिटायर झालेल्या एक नर्सबाई सिहोऱ्यात घरोघरी जाऊन म्हाताऱ्या माणसांशी बोलतात. बीपी-शुगरचं नाव काढत नाहीत. समोर मांडी घालून बसतात आणि विचारतात, "माय, तुले काय करावंसं वाटते?" मध्येच घरचं कुणी बोललं, की त्याच्याकडे न बघता तळहात उभा करतात.

आमच्याकडे आल्या तेव्हा मीच बोललो, "तिले काय पायजे? आरामात बसून खाते."

तळहात उभा. मला रागच आला. चहावर साय धरली, तरी बाई आईकडे बघत थांबल्या होत्या.

शेवटी आई म्हणाली, "मले धानाच्या रोवण्यावर जायचं हाय. वावराच्या धुऱ्यावर बसून गाणे म्हणीन."

"पण माय, तुह्ये गुडघे..." मी मध्येच बोललो.

या वेळी तळहात आईचा होता.