मुराळ्याशिवाय झोका नाही

जळगावहून धुळ्याच्या रस्त्याला लागायचं, पारोळ्यापर्यंत जायचं, तिथून गाडी वळवून पुन्हा जळगावला यायचं, घरासमोर चहापुरतं थांबायचं आणि परत त्याच रस्त्याने पारोळ्याच्या पुढे जायचं, असा प्रवास मी यंदा आखाजीला केला. मी शाळेत भूगोल शिकवते, हे मुद्दाम सांगते. आणि हे सगळं मी शुद्धीत असताना केलं. कारण विचाराल, तर माझी आई.

आईला सगळे अक्का म्हणतात, मीसुद्धा. वडील गेल्यापासून ती जळगावात माझ्याकडे असते. दोन्ही गुडघे कामातून गेलेत, आणि हृदयाच्या दुखण्यामुळे डॉक्टरांनी ऑपरेशनला साफ नकार दिलाय. घरात ती वॉकर धरून फिरते. बाहेर मात्र वॉकर न्यायचा नाही, लोक काय म्हणतील! त्यामुळे बाहेर जाणंच बंद.

अशातच तिने माझ्या फोनवर एक जाहिरात पाहिली. पारोळ्याच्या पुढे, धुळ्याच्या वाटेवर नवीन मनोरंजन पार्क झालंय, त्याची. ‘आखाजी स्पेशल! झोकेच झोके!’

खानदेशाबाहेरच्यांसाठी सांगते. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, आणि ती आमच्याकडे दिवाळीच्या तोडीची. लग्न झालेल्या मुली माहेरी येतात, निंबाच्या झाडांना झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात. सासरचं कुणी बघायला नसतं, त्यामुळे झोका हवा तेवढा उंच न्यायचा. अक्काचं माहेर धरणगावजवळच्या एका खेड्यातलं. ते घर विकलं गेलं, निंबही गेला. झोक्यावर ती शेवटची कधी बसली, हे तिलाच आठवत नाही.

“एक डाव झोकावर बसानं शे माले,” ती म्हणाली. “पुढली आखाजीले हाई पाय ऱ्हातीन का नही, कोणले माहीत?”

गेले काही महिने ती काहीच मागत नव्हती, जेवायलासुद्धा. मी लगेच पार्कवाल्यांना फोन लावला.

“आईला चालता येत नाही. व्हीलचेअर आहे का?”

“आहे ना मॅडम.”

“रॅम्प?”

“रॅम्पपण आहे.”

“बसायचा संडास?”

पलीकडची मुलगी जरा लाजली, पण तोही आहे म्हणाली. मी निर्धास्त झाले. सगळं आहे म्हणजे कुठे आहे, हे मी विचारायला हवं होतं. शाळेत नकाशा शिकवणाऱ्या बाईला तेवढं सुचू नये म्हणजे कमालच झाली.

मी अक्काला सांगितलं, उद्या सकाळी निघायचं. तिने नाही म्हणून मान हलवली.

“मुराळी कोण येस?”

मुराळी म्हणजे सासुरवाशिणीला माहेरी न्यायला येणारा, बहुतेक भाऊच. अक्काच्या भावांपैकी आता एकटे नानामामा उरलेत. ते पारोळ्याला राहतात. त्यांचं खुब्याचं हाड मोडलं होतं, तेव्हापासून काठी घेऊन चालतात.

“अगं, पारोळा वाटेतच आहे. मामांना तिथूनच गाडीत घेऊ.”

“वाटवर भेटना, तो मुराळी कसा व्हस?” अक्का म्हणाली. “दारशे येवाले जोयजे.” (दारापाशी यायला पाहिजे.)

“अक्का, आपण पार्कात चाललोय! माहेरी नाही!”

“झोका शे ना तठे? मंग?”

मी नवऱ्याकडे पाहिलं. त्याने ताबडतोब वर्तमानपत्र उभं धरलं. मामांना एसटीने बोलवावं, तर त्या खुब्याने ते पायऱ्या कशा चढणार? शेवटी भल्या सकाळी मीच एकटी गाडी घेऊन निघाले. एरंडोल मागे पडलं, पारोळ्याच्या किल्ल्याची भिंत दिसली आणि बाजार समितीच्या वळणावर मामा दिसले. कडक इस्त्रीचं धोतर, खांद्यावर नवं उपरणं, हातात बांगड्यांची पिशवी. नवरदेवाची तयारी बरी!

“एवढ्या लवकर कशाला उभे राहिलात मामा?”

“मुराळीनी उशीर करा ते बहीन रुसस,” ते म्हणाले आणि पुढच्या सीटवर ऐसपैस बसले.

जळगावला पोचलो तर अक्का दारात खुर्ची टाकून, पाठ फिरवून बसलेली. मामा काठी टेकत गेले आणि म्हणाले, “चाल व बहीन, माहेरले चाल.” अक्का पहिल्यांदा नाही म्हणाली. तशी रीत असते म्हणे. दुसऱ्यांदा हो म्हणाली आणि डोळ्याला पदर लावला. मी घड्याळाकडे बघत होते, पण खरं सांगते, त्यांना घाई करायचं मला सुचलं नाही.

मग पुन्हा तोच रस्ता. वैशाखाचं ऊन गाडीच्या काचेतून आत येत होतं. अक्काने सकाळपासून घोटभरही पाणी प्यायलं नव्हतं.

“बसायचा संडास आहे गं तिथे. मी विचारलंय.”

“ऱ्हाऊ दे. परकी जागा.”

“चक्कर येऊन पडशील!”

“बठेल माणूस कसा पडस?” ती म्हणाली. पुढच्या सीटवरून मामांनी हसून स्वतःच्या मांडीवर थाप मारली. यांच्याशी वाद घालण्यात काही राम नाही, हे मला एरंडोलच्या आतच कळलं. पण मी रस्त्याच्या कडेला गाडी थांबवली आणि ती पाणी पिईपर्यंत चावी फिरवली नाही. अर्धी बाटली प्यायली तेव्हा निघालो.

पार्कच्या दारात प्लास्टरचे दोन हत्ती सोंड वर करून उभे होते. व्हीलचेअर होती, खोटं कशाला बोला. ती ऑफिसच्या वरच्या मजल्यावर, जिना चढून गेल्यावर होती. रॅम्पही होता, पण तो प्रवेशदाराकडे नव्हे, उपाहारगृहाच्या मागच्या बाजूला बर्फाच्या लाद्या चढवायला केलेला. आणि खुर्ची खाली आणली तर तिला पाय ठेवायची पट्टी एकच.

“एक पाय घरी ठेवून यायला हवा होता,” मी म्हणाले.

अक्का काही खुर्चीत बसायला तयार होईना. एवढ्यात पहारेकऱ्याने पिशव्या तपासायला घेतल्या. बाहेरचं खाणं आत न्यायचं नाही, असा नियम. आमच्याकडे डबाभर सांजोऱ्या आणि कळण्याच्या भाकरी होत्या. कळणा म्हणजे ज्वारी आणि उडीद एकत्र दळलेलं पीठ. अक्काने एकदा पहारेकऱ्याकडे पाहिलं, एकदा डब्याकडे आणि एकदा खुर्चीकडे. मग निमूटपणे खुर्चीत बसली, डबा मांडीवर घेतला आणि वरून शाल पांघरली. भर वैशाखात!

“आजी, शाल कशाला?” पहारेकऱ्याने विचारलं.

“थंडी वाजस, भाऊ,” अक्का क्षीण आवाजात म्हणाली. इतका क्षीण आवाज मी तिच्या दुखण्यातही ऐकला नव्हता. बिचारा बाजूला झाला. आत गेल्यावर अक्काने खुर्चीच्या हातावर थोपटलं आणि म्हणाली, “कामनी शे व हाई.”

पण खुर्ची एक आणि थकलेली माणसं दोन. थोडं चाललं की मामांचा खुबा दुखायचा. मी अक्काला पुढच्या सावलीत बाकावर बसवायची, रिकामी खुर्ची मागे न्यायची, मामांना आणायची, मग पुन्हा अक्काला खुर्चीत. रस्त्यावर पारोळा-जळगाव केलं, तेच आत चालू झालं. मामा दर वेळी म्हणायचे, “मुराळी मी शे, मी पाये चालसू,” आणि दर वेळी खुर्चीत बसायचे.

जाहिरातीतला झोका अखेर सापडला. भलीमोठी लोखंडी नाव, दोन्हीकडे आभाळाला टेकत होती आणि आतली माणसं किंचाळत होती. समोर पाटी होती: पाठदुखी, गुडघेदुखी, रक्तदाब, हृदयविकार असलेल्यांनी बसू नये. मी मोठ्याने वाचून दाखवली.

“हाई बठ्ठं मन्हंच लिखेल शे,” अक्का म्हणाली. (हे सगळं माझंच लिहिलंय.) हसली. नाव वर जात होती आणि ती मान वर करून बघत होती. “हाऊ झोका नही,” एवढंच म्हणाली. पुढचं खेळणं बघू म्हटलं, तर नको. घरी चला म्हणाली.

माझं डोकंच फिरलं. एवढा खटाटोप करून, एका रस्त्यावर तिसऱ्यांदा येऊन, घरी चला? मी चिडले ते तिच्यावर नाही, त्या नावेवर. खुर्ची ढकलत तरातरा निघाले, मामा काठी टेकत मागे, आणि रागाच्या भरात बाहेरच्या वाटेऐवजी भलतीकडेच वळले. भूगोलाची बाई!

पण त्या वाटेच्या टोकाला एक ‘आपलं खेडं’ उभारलेलं होतं. प्लास्टिकचा बैल, कोरडी विहीर, भिंतीला लावलेल्या खोट्या गोवऱ्या. आणि मधोमध, बहुधा पार्क होण्याआधीपासून तिथे असलेला, खराखुरा निंब. त्याच्या फांदीला दोरांचा झोका, बसायला फळी. फळीच्या वर पाटी: ‘फक्त फोटोसाठी. झोका घेऊ नये.’

“झोकावर बसीसन हालानं नही?” अक्काने विचारलं. तिथल्या फेटेवाल्या पहारेकऱ्याला हसू आलं.

“अक्का, कोणतं गाव?” त्याने विचारलं. अक्काने माहेरचं गाव सांगितलं, सासरचं नाही. मामा काठी आपटून म्हणाले, “मी मुराळी शे हिना.” पहारेकऱ्याने फेटा काढून घाम पुसला. त्याची बहीणसुद्धा आज धुळ्याहून यायची होती आणि ड्युटीमुळे तिला आणायला तो जाऊ शकला नव्हता. तो म्हणाला, “मी तिकडे विहिरीकडे बघतो. मागे काय होतं, मला दिसत नाही.” आणि खरंच पाठ करून उभा राहिला.

आता खरी परीक्षा होती. मी खुर्ची झोक्याला लावली, मामांनी दोर घट्ट धरले, अक्काने माझ्या गळ्यात हात टाकले. “पडनू ते?” तिने कानाशी विचारलं. “मी आहे ना,” मी म्हणाले, आणि तिला फळीवर बसवलं. गुडघे वाकत नसल्यामुळे पाय सरळ समोर. ते जमिनीला टेकायचा प्रश्नच नाही! या पायांचा इतक्या वर्षांत पहिल्यांदा काहीतरी फायदा झाला.

मामांनी एका हाताने काठी धरली, दुसऱ्याने झोका दिला. हळूच. मग थोडा जोरात. अक्काने गौराईचं गाणं धरलं आणि मध्येच अडली. पुढची ओळ मामांनी म्हटली. लहानपणी ते झोक्यावरच्या मुलींना खडे मारून पळायचे, म्हणून गाणी पाठ.

“जोरमा दे रे नाना!” अक्का ओरडली. किती दिवसांनी तिचा असा आवाज ऐकला! मी फोटो काढायचाही विसरले. पाटीप्रमाणे खरं तर तेवढंच करायचं होतं.

दमली तेव्हा तिला परत खुर्चीत घेतलं. डबा उघडून सांजोऱ्या खाल्ल्या. एक विहिरीकडे बघणाऱ्यालाही दिली. मी निघायची तयारी करू लागले, तर अक्का म्हणाली, “आते तू बस.”

“मी? माझं वय काय अक्का!”

“तू बी सासुरवाशीनच शे ना?” तिने विचारलं. “मी तुन्हा घर उनू, तव्हपाशीन तू आखाजीले कोठे गयी?” (मी तुझ्या घरी आले, तेव्हापासून तू आखाजीला कुठे गेलीस?)

कुठे जाणार? आई माझ्याच घरी, म्हणजे मला माहेरच उरलं नव्हतं. मी ते कधी कुणाला बोलले नव्हते. स्वतःशीसुद्धा नाही. ही बाई रोज खाटेवर बसून तेच बघत होती, आणि मला वाटत होतं, ती गुडघ्यांचा विचार करतेय.

मी गुपचूप झोक्यावर बसले. मामा बाकावर पसरले होते, त्यांच्यात झोका द्यायची ताकद उरली नव्हती. अक्काने त्यांच्या खांद्यावरचं उपरणं ओढलं, एक टोक फळीला बांधायला लावलं आणि दुसरं हातात घेऊन खुर्चीत बसल्या बसल्या ओढू लागली, तान्ह्या बाळाच्या पाळण्याची दोरी ओढतात तशी. मी, पन्नाशीची शिक्षिका, चष्मा सांभाळत पुढे-मागे जात होते आणि रडत होते.

“काब्र रडस?” अक्का म्हणाली. “माहेरले रडाले येस का कोणी?”

परतीच्या वाटेवर पारोळा आला. मामांना इथेच सोडू म्हटलं, तर दोघांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी गाडीचा वेगही कमी केला नाही. मुराळ्याने बहिणीला परत सासरी पोचवायचं असतं. म्हणजे मामा मुक्कामाला जळगावला आणि मला उद्या पुन्हा हाच रस्ता. आता तर रस्त्यावरचे खड्डेही मला ओळखू लागले असतील.

घरी पोचलो तेव्हा नवरा दार उघडून बाहेर आला. अक्काला उतरवायला मी घरातून वॉकर आणला. शेजारच्या काकू ओट्यावर उभ्या होत्या, तरी तिने तो मुकाट्याने धरला. मामा तिच्या मागे काठी टेकत उभे राहिले. अक्का दारापर्यंत आली, पण आत गेली नाही. माझा हात धरून तिने मला पुढे केलं आणि मुराळ्याच्या थाटात नवऱ्याला म्हणाली,

“जवाईबोवा, तुमनी बायकोले माहेरथीन लई उनू.”