ड्वेनची मान

अमेरिकेतल्या आमच्या टोलेडो शहरातल्या निम्म्या सायकलवाल्यांना ड्वेन पिलार्स्कीने शिकवलं आणि बहुतेक सगळ्या गाडीवाल्यांनी त्याला शिव्या घातल्या. माझ्या थोरल्या बहिणीचा, मार्लीनचा, तो नवरा. आठवडाभर काचेच्या कारखान्यात राबायचा आणि शनिवारी चर्चमागच्या पार्किंगमध्ये नारिंगी शंकू मांडून वर्ग घ्यायचा. मी त्याचा पहिला विद्यार्थी. मला कोणी विचारलं नव्हतं, मी फक्त जेवायला गेलो होतो.

"कडेला चिकटू नका," तो बजावायचा. "चिकटलात की मागच्याला वाटतं, जागा आहे, घुसू या. त्यात उभ्या गाडीचं दार उघडलं तर दातांची रास उचलायची वेळ येईल. लेनच्या मधोमध चालवा. रस्ता तुमच्या बापाचा नाही, तसा त्याच्याही बापाचा नाही."

पण त्याचा खरा जीव मागे वळून बघण्यात होता. आमच्याकडे गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, त्यामुळे डावीकडे वळायचं तर लेन ओलांडून रस्त्याच्या मधल्या रेघेपर्यंत जावं लागतं. त्याआधी मान वळवायची आणि मागच्या गाडीवाल्याच्या डोळ्यांत बघायचं. "ते बघणं तुमच्यासाठी नसतं, त्याच्यासाठी असतं," तो सांगायचा. "तोंड दिसलं की त्याला कळतं, हा माणूस आहे. नुसत्या पाठीसाठी कोणी ब्रेक दाबत नाही." आणि खरंच, ड्वेनने मागे बघितलं की भलेभले ट्रक हळू व्हायचे. मी कितीदा पाहिलंय.

गेल्या हिवाळ्यात त्याच्या मानेचे मणके डॉक्टरांनी पट्टी आणि स्क्रू घालून कायमचे सांधले. दुखणं थांबलं, वळणंही थांबलं. आता कोणी हाक मारली तर तो कपाट सरकवावं तसा अख्खा फिरतो. सायकलवर तसं फिरायला गेलं की हँडलही फिरतं. डॉक्टर म्हणाले, बागेत चालवा. सुंभ जळला तरी पीळ जातो थोडाच? बर्फ वितळल्याबरोबर हा लाग्रेंज रोडवर हजर.

मार्लीनने हँडलला लावायचा आरसा आणला. त्याने तो दाढीसाठी ठेवला. "आरशात मला तो दिसेल," तो म्हणाला, "पण मी बघितलं हे त्याला कसं दिसणार?"

"तूच काढून घे ती सायकल," मार्लीन मला स्वयंपाकघरात म्हणाली. पिएरोगीच्या, म्हणजे पोलिश करंज्यांच्या, पिठाने तिचे हात माखले होते. "तुझं ऐकेल तो."

"मार्लीन, बिअर संपली, याखेरीज त्याने माझं कधी काही ऐकलंय का?"

ती हसली नाही. "घराची गल्ली डावीकडे आहे, रॉजर. तो वळतच नाही. सरळ पुढे जातो आणि मागून फिरून येतो. मी खिडकीतून बघते त्याला. मला वाटतं, आपलं माणूस आपल्याच दारावरून परकं होऊन चाललंय." मग हात न धुताच तिने डोळे पुसले.

त्यानंतरच्या रविवारी चर्चमधल्या प्रार्थनेनंतर ड्वेनने मला गाठलं. "तू माझ्यामागे चालव. मागे मोकळं झालं की 'आता' म्हण. बाकी मी बघतो."

"बघतो म्हणे. कशाने बघणार?"

"तुझ्या डोळ्यांनी, मूर्खा."

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. निघालो. मी अधूनमधून वळून बघत होतो आणि पुढे त्याची ताठ पाठ मधोमध चालली होती, कोणाच्या बापाला न भिता. गल्ली जवळ आली. त्याने डावा हात काढला. मागे एक पिकअप बरीच लांब होती, हळू होती. मी म्हणालो, "आता."

तो क्षणाचाही विचार न करता डावीकडे सरकला. माझ्यावर एवढा विश्वास आजवर कोणी टाकला नव्हता. मी पुन्हा मागे बघितलं तर पिकअप सुसाट आली होती. चालवणाऱ्या पोराची नजर खाली, मांडीवरच्या फोनवर होती. मी ओरडलो. काय ओरडलो ते मलाही ठाऊक नाही. पोराने ऐनवेळी मान वर केली, भोंगा दाबला आणि गाडी उजवीकडे ओढली. आमच्या दोघांच्या मधून गेली ती. माझं पुढचं चाक पदपथावर चढलं आणि मी गवतात पडलो.

मान वळत नसल्याने उजवीकडून गेलेली गाडी ड्वेनला दिसलीच नाही; त्याने भोंग्याला हात हलवून आभार मानले. भोंगा वाजला म्हणजे आपण दिसलो, हेही त्याचंच शिकवणं. मग तो ऐटीत आपल्या गल्लीत वळला.

मी पोचलो तेव्हा तो अंगणात उभा होता. कपाट सरकल्यासारखा माझ्याकडे फिरला. डोळ्यांत पाणी होतं. "बघितलंस? थांबला तो. माझं तोंड न बघता थांबला." माझ्या गुडघ्यावरचं गवत त्याला दिसलं नाही. त्यासाठी खाली बघावं लागतं.

खिडकीत मार्लीन उभी होती. हा वळलेला तिने पाहिला होता, पिकअप पाहिली नव्हती. कितीतरी महिन्यांनी ती हसत होती. मला सगळं सांगून टाकायचं होतं. तोंड उघडलंही.

"पुढच्या रविवारी शहरातून जाऊ," ड्वेन म्हणाला. "तू नाही आलास तरी चालेल म्हणा. आता जमतंय मला."

"येतो ना," मी म्हणालो.