सात पाण्यांची चिवळ

चैत्र वद्य षष्ठी. महाराष्ट्र राज्य होऊन दोन वर्षं होत आली होती. पाहुण्याच्या खर्चासाठी मी बाजूला काढलेली रक्कम नऊ रुपये. हजर माणसं सहा: माझी आई, माझी बायको, धाकटी बहीण, तिला न्यायला आलेला तिचा नवरा, मध्यस्थीला बसलेले चुलतकाका आणि मी.

नऊ रुपये कसे जातील ते मी आदल्या दिवशीच कागदावर मांडलं होतं. जिवंत मरळ मासा दोन रुपये. तेल-मसाला पंचाहत्तर नये पैसे. जावयाला टॉवेल-टोपी साडेतीन रुपये. धामणगाव बढ्याहून मलकापूरची दोन तिकिटं, एक रुपया दहाप्रमाणे, दोन रुपये वीस. उरलेले पंचावन्न पानतंबाखूला. दोन तिकिटं मी न विचारता धरली होती. बहीण जाणार की नाही, हे कोणी तिला विचारलंच नव्हतं.

बहीण संक्रांतीला एकटी धामणगावच्या मोटारस्टँडवर उतरली आणि चार मैल चालत घरी आली. बोचक्यात दोन लुगडी. कारण विचारलं तर एवढंच म्हणाली, "जेवतानी त्याच्या मनासारखं नसलं का ताट माह्या अंगावर येते."

मी म्हणालो, "येवढ्याशा गोष्टीनं कोनी घर सोडते काय?"

हे माझंच वाक्य आहे. दुसऱ्या कुणाच्या नावावर टाकता येणार नाही.

तीन महिने गावात कुजबुज चालली. मग काकांनी मलकापूरला निरोप धाडला आणि जावई यायला कबूल झाला. तो जिनिंगमध्ये वजनकाट्यावर होता. निरोपातच त्यानं कळवलं होतं की, चैत्रात नदीतली मरळ आणि चिवळीची भाजी एकत्र शिजवलेली असेल तरच जेवीन.

मला मरळ आवडत नाही. मटण मी शेतावर खाल्लेलं आहे, पण या माशाची मला किळस आहे. चैत्रात नळगंगेचं पाणी तुटतं, डोह तेवढे उरतात. त्या हिरव्या, कोमट, म्हशी बसून ढवळलेल्या पाण्यात मरळ तळच्या गाळात तोंड खुपसून राहते. भोयानं ती माझ्यासमोर काढली. सव्वा किलो भरली. शेर जाऊन किलो नुकतेच आले होते, म्हणून मी वजन दोनदा करून घेतलं. हातभर लांब, काळी, सापासारखं डोकं. फुटक्या घागरीत पाणी घालून घरी आणली तरी वाटभर धडपडत होती. हाताला लागलेला तिचा पांढरा चिकट बुळबुळीतपणा मी राखेनं तीनदा घासला. वास संध्याकाळपर्यंत गेला नाही.

आई माळकरी होती. वीस वर्षं तिच्या गळ्यात तुळशीची माळ होती आणि तिनं मासमच्छीला बोट लावलेलं नव्हतं. त्यामुळे आमच्याकडे असलं काही शिजलं तर ते अंगणापलीकडे गोठ्यात, तीन दगडांच्या चुलीवर, वेगळ्या मडक्यात. शिजवणाऱ्यानं आंघोळ केल्याशिवाय घरात पाय ठेवायचा नाही. जेवणंही गोठ्यातच.

चिवळ आणायला बहीण तांबडं फुटताच नदीत गेली. पाणी ओसरलेल्या रेतीत ही भाजी जमिनीला चिकटून आपोआप येते. बारीक पानं, लालसर देठ. चवीला चांगली, पण पानापानात रेती धरून बसते. आमच्याकडे नव्या सुनेची परीक्षा चिवळीवर होते: दाताखाली कचकन आलं की नापास. म्हणून ती सात पाण्यांनी धुवायची. विहिरीचं पाणी मी काढून देत होतो आणि मोजत होतो. पहिल्या पाण्याला परातीत गाळ बसला. चौथ्याला बोटावर येईल एवढी रेती. सातव्याला मी स्वतः परातीच्या तळाशी बोट फिरवून पाहिलं. काही नव्हतं.

जावई दहाच्या सुमारास आला. बाजेवर बसल्या बसल्याच म्हणाला, "काय साळेबुवा, मासोयी जिती हाय ना? मेलेली मी तोंडात घालत नाई."

"जिती हाय," मी म्हणालो.

"मंग हिलेच मारू द्या. हिचे हात लय नाजूक हायेत. जरा कामाले लागू द्या."

ती माशाला भिते, हे त्याला ठाऊक होतं. त्यासाठीच तो बाज ओढून चुलीपाशी घेऊन बसला. बहिणीनं मरळ शेपटीकडून फडक्यात धरली आणि दगडावर आपटली. दोनदा सुटली, शेणात जाऊन पडली. तो हसत होता. तिसऱ्यांदा मरळ निपचित झाली. राख लावून बहिणीनं तिचा बुळबुळीतपणा काढला, पोट चिरलं, आणि मध्येच उठून भिंतीआड ओकून आली. येऊन परत बसली. डोक्याला विळा लावला तेव्हा तो ओरडला, "मुंडकं जसंच्या तसं ठेव. कल्ले काढू नको, खरा रस कल्ल्यातच असते."

"त्यात गाळ असते," ती म्हणाली.

"मले शिकवून राह्यली काय वं?"

तिनं कल्ले ठेवले. चिवळ मडक्यात शेवटी घातली. वासावरून स्वयंपाक चांगला झाला असावा. मला सांगता येणार नाही, माझ्या नाकात डोहच होता.

जेवायला तो, काका आणि मी बसलो. माझ्या ताटात मी नुसती भाकरी आणि ठेचा घेतला. बायको भाकरी वाढत होती, बहीण खांबाशी उभी होती, आई पलीकडे घराच्या दारात. जावयानं आधी डोकंच घेतलं. कल्ले ओढून चोखायला लागला. रस्सा हनुवटीवरून शर्टाच्या गुंडीपर्यंत ओघळला. काका म्हणाले, "दमानं घ्या जवाईबापू, मासोयी आता पळत नाई." तो हसला आणि तेवढ्यात त्याच्या दाताखाली कचकन वाजलं. मलाही ऐकू आलं.

तोंडातलं सगळं त्यानं ताटात थुंकलं. मग ते ताट पायानं बहिणीकडे सरकवलं.

"वाळू चारून राह्यली मले! चिवय धुता येत नाई. खा आता. तूच खा, समद्यादेखत."

बहीण हलली नाही.

"खाय म्हन्तो ना! खाल्लं तर गाडीत बसवतो. नाई तर राह्य इथंच, भावाच्या उष्ट्यावर."

काका खाली पाहत म्हणाले, "पोरी, एक घास घे अन् मिटव. नवऱ्याचं उष्टं हाय, दुसऱ्याचं थोडीच हाय?"

मी काय करत होतो? मला भाजीची सात पाणी माहीत होती. वाळू कुठून आली, हेही कळलं होतं. तरी मी गप्प होतो, कारण खिशात दोन तिकिटांचे पैसे होते आणि एका घासात ते मार्गी लागत होते. त्या ताटातल्या लगद्याची मला शिसारी आली. त्याहून जास्त माझी स्वतःची आली.

बहीण खाली वाकली. तिनं ताटाकडे हात नेला.

तेवढ्यात दारातून आई बोलली, "थांब."

तिनं गळ्यातली माळ काढून दारातल्या खुंटीला अडकवली. अंगण ओलांडून गोठ्यात आली आणि ताटापाशी बसली.

"वैनी, अवो काय करता?" काका उठलेच.

आईनं ताटाच्या कडेची चिवळ चिमटीत घेतली आणि दाताखाली धरली. वीस वर्षांत पहिल्यांदा. रस्सा लागलेली, त्याच्या थुंकीशेजारची भाजी तिनं सावकाश चावली. मग माझ्याकडे पाहिलं.

"किती पान्यानं धुतली?"

"सात," मी म्हणालो. "मीच काढून देल्लं पानी."

"भाजीत वाळू नाई." मग तिनं अर्धवट चोखलेलं डोकं उचललं आणि तळहातावर आपटलं. कल्ल्यातून काळी, बारीक रेती पडली. तिनं तो हात जावयापुढे धरला. "हे तुमीच ठेवाले सांगतलं व्हतं ना?"

"म्हातारे, तू मधात पडू नको."

"मधात नाई पडली. तीन महिने पडाले पाह्यजे व्हतं, नाई पडली." ती उठली. मला म्हणाली, "एकच तिकीट काढजो."

काका काहीतरी पुटपुटले. बहीण खांबाला टेकून खाली बसली. रडली नाही. उठून तिनं मडकं उकिरड्यावर नेलं, फोडलं आणि आंघोळीला गेली. आईनं तोंड धुतलं, पण त्या दिवशी माळ परत घातली नाही.

चार मैल मी जावयाबरोबर चाललो. तो पुढे, मी मागे. एकदाच बोलला, "जेवन झालं नाई माहं." स्टँडवर भजी तळत होते. पानतंबाखूचे पंचावन्न नये पैसे खिशात होते. ते मी बाहेर काढले नाहीत. टॉवेल-टोपी मी घरीच ठेवून आलो होतो.

गाडी आली. कंडक्टरनं विचारलं, "किती?"

"एक," मी म्हणालो, आणि मलकापूरच्या एका तिकिटाचे एक रुपया दहा नये पैसे त्याच्या हातावर मोजून ठेवले.