अल्तारावरची रॉकेलची वाटी

आधीच सांगते, मी फिजिक्स शिकवते. भूतबित, करणी, अंगात येणं... स्टाफरूममध्ये कोणी असलं काही काढलं की मी चहाचा कप उचलून सरळ व्हरांड्यात जायची. इथले अनुभव वाचून फिदीफिदी हसणारीही मीच! त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय. पण घडलंय ते घडलंय, आणि घाबरण्यासारखं त्यात काही नाही. आजही आठवलं की उठून नाचावंसं वाटतं.

गाव गास, नालासोपारा पश्चिम. १९९९ ची दिवाळीची सुट्टी. आमची वाडी आहे – केळी, मोगरा, थोडी भाजी. घराच्या मागे पत्र्याच्या शेडमध्ये पप्पांचा टिलर पडून होता. टिलर म्हणजे दोन चाकांचा छोटा ट्रॅक्टर, बसायला जागा नाही, दांडे धरून मागून चालायचं. आमच्या आळीत पहिला टिलर पप्पांनी आणला. लहानपणी मी त्यांना नट खोलायचे पाने काढून द्यायची, त्यामुळे दहाचा कुठला नि बाराचा कुठला हे मला पाढ्यांच्या आधी पाठ! मग कधीतरी तो बंद पडला, वाडीला भाड्याचा ट्रॅक्टर यायला लागला आणि आमच्या टिलरवर कोंबड्या बसायला लागल्या.

त्या वर्षी मे महिन्यात पप्पांना पॅरालिसिसचा झटका आला. उजवा हात गेला. पायात हळूहळू जीव आला, डॉक्टर म्हणाले, आता उभं राहायलाच पाहिजे, नाहीतर आहे ती ताकदही जाईल. पण पप्पा उठायलाच तयार नाहीत. खिडकीजवळच्या खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडायचे. बोलणं नीट होतं, तरी काही विचारलं तर हूं नाहीतर उंहूं. आणि हे माझे पप्पा हं! वाडीत ओरडले तर शेजारची माणसं रेडिओ बारीक करून ऐकायची, इतका आवाज.

सुट्टीत एकदा जेवताना माझा भाऊ विल्सन म्हणाला, "रविवारी भंगारवाला येतोय. टिलर देऊन टाकू, शेडमध्ये माझी बाईक लागेल."

मी पप्पांकडे बघितलं. वाटलं, आता ताट फेकतील. ते भिंतीकडे बघतच म्हणाले, "द्या देऊन."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. अरे, स्वतःच्या हातांनी पुसून ठेवायचा तो माणूस! एक वेळ शिव्या घातल्या असत्या तर चाललं असतं. मी तिथंच जाहीर केलं, "रविवारच्या आत चालू करून दाखवते."

विल्सन हसत सुटला. "लग्नात आहेर म्हणून घेऊन जा!"

"तुला वरातीत त्याच्यावरच बसवते, थांब."

मग काय विचारता! सकाळी चहा घेतला की शेडमध्ये. सायलेन्सरमधून गांधीलमाश्यांचं घरटं काढलं, डिझेलची टाकी वाळू घालून खळखळून धुतली, सगळे नट रॉकेलमध्ये. सगळ्यात जास्त पिडलं ते डिझेल पंपाच्या प्लंजरनं. प्लंजर म्हणजे पंपातली बोटभर पोलादी दांडी. ती वरखाली होते आणि इंजिनात डिझेल ढकलते. ती नसेल तर इंजिन म्हणजे नुसतं लोखंड, हे मी पोरांना फळ्यावर चित्र काढून शिकवते. आमची दांडी गंजून चिकटलेली. कशीबशी काढली आणि आयच्या ॲल्युमिनियमच्या वाटीत रॉकेल घालून त्यात भिजत ठेवली.

शनिवारी दुपारी सगळं जोडून झालं. डिझेल भरलं, हँडल मारलं... काही नाही. परत मारलं. खांदा निखळायची वेळ आली. आय बाजूला कपडे वाळत घालत होती, ती म्हणाली, "फिलू, पुरे गं बाई."

पप्पा चालू करायच्या आधी टाकीवर अंगठ्यानं क्रूस काढायचे. मी त्यांची चेष्टा करायची. त्या दिवशी कसा कोण जाणे, माझाही अंगठा फिरला. हँडल मारलं आणि... धड्... धड्... धडधडधडधड!

अहो, मी किंचाळले! कोंबड्या उडाल्या, पत्रे थरथरायला लागले, सायलेन्सरनं भसाभस काळा धूर सोडला तो थेट आयच्या पांढऱ्या चादरीवर. "मेले, माझी चादर!" आय ओरडतेय, विल्सन तोंड उघडं टाकून बघतोय, आणि मी गिअर टाकून निघाले. केळींच्या रांगेतून शेवटपर्यंत गेले, वळले, माती उलटत परत आले. आनंदानं वेडी व्हायचीच बाकी होते. ॲक्सिलेटर अजून खेचला.

आणि मागून आवाज आला.

"ए गाढवी! कमी कर तो! इंजिन बसवशील माझं!"

दाराच्या चौकटीला डाव्या हातानं धरून पप्पा उभे होते. स्वतःच्या पायावर. लाल झालेले, रागानं नुसते थरथरत. मी इंजिन बंद केलं आणि तिथंच मातीत बसून भोकाड पसरलं.

संध्याकाळी रोजरीच्या प्रार्थनेला पप्पा घरातल्या अल्तारासमोर, म्हणजे आमच्या देव्हाऱ्यासमोर, खुर्चीत बसले, मे महिन्यानंतर पहिल्यांदाच. मध्येच विल्सन नाक उडवायला लागला. "रॉकेलचा वास कुठून येतोय?"

आय म्हणाली, "फिलूची वाटी आहे ती. काल मांजर लवंडवत होती म्हणून मी मरियामातेच्या मागे ठेवली."

मी उठले. वाटी खाली घेतली. आत रॉकेल होतं आणि रॉकेलमध्ये... प्लंजर.

घाईघाईत सगळं जोडलं, पण तो बसवायलाच विसरले होते! कालपासून तो इथं अल्तारावर, आणि इंजिन आज दुपारी चाललं होतं.

"दुसरा बसवला असशील," विल्सन म्हणाला.

"दुसरा कुठला रे? ह्याची कंपनी कधीच बंद पडली!"

पप्पांनी प्रार्थना थांबवली. वाटीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि हात पुढे केला. "दे इकडं. उद्या मी बसवतो."

आयच्या हातातली माळ खाली पडली. पुढे केलेला हात उजवा होता. बोटं वाकडी, कापत होती, पण हात पुढे होता.

रविवारी सकाळी त्यांच्यासमोर पंप उघडला. आत रिकामा, कोरडा ठाक, गंजाची भुकटी तेवढी होती. प्लंजर बसवायला पप्पांना दुपार झाली. विल्सन मदतीला वाकला तर "हो बाजूला" म्हणून त्याला हाकललं. आम्ही तिघं नुसतं त्यांच्या हाताकडे बघत बसलो होतो. भंगारवाला येऊन उभा राहिला, त्याला चहा पाजून परत पाठवलं.

मी नंतर एका मेकॅनिकला विचारलं, इंजिनिअरिंगच्या एका सरांना विचारलं. दोघांचं एकच उत्तर – शक्यच नाही मॅडम, तुमचा काहीतरी घोटाळा होतोय. मीही हेच म्हणाले असते! पण काजळीच्या ठिपक्यांची ती चादर अजून माझ्या कपाटात आहे. आयनं दोनदा उकळत्या पाण्यात घालूनही डाग गेले नाहीत. केळींच्या रांगेत उलटलेली माती तर सगळ्या आळीनं बघितली. तुमच्यापैकी कोणाकडे याचं उत्तर असेल तर जरूर सांगा, पण पंपाचं चित्र काढून सांगा!

त्यानंतर पप्पा बरीच वर्षं काठी टेकत वाडीत फिरले. टिलरही चालला, अगदी शहाण्यासारखा. पण मी तो चालू केला की दरवेळी ते कान देऊन ऐकायचे आणि मान हलवायचे.

"चांगला चालतो गं," म्हणायचे. "पण त्या दिवशीचा आवाज नाय आला परत."

आणि खरं सांगते, नाहीच आला.